विदर्भात संशोधनाचे विषय कमी करून पैसा एकवटावा का?

धरमपेठकर
सरळच लिहितो. आपल्या भागात संशोधनाचा तुटपुंजा पैसा पन्नास विषयांत वाटून टाकणं मला पटत नाही. पाच-सहा विषय निवडावेत आणि पुढची दहा वर्षं सगळा जोर त्यांच्यावर लावावा. माझी यादी: कापूस, संत्रा, पाणी, कोळसा आणि राख, सिकलसेल (आदिवासींत जास्त आढळणारा रक्ताचा आनुवंशिक आजार).

नागपूरला संशोधन नवीन नाही. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ पासून इथे आहे. कापूस संशोधन संस्था वर्धा रोडला, मृदा सर्वेक्षण ब्यूरो आणि लिंबूवर्गीय फळांची संस्था अमरावती रोडला, ॲल्युमिनियमचं केंद्र वाडीला. व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहेच. एलआयटीचंच, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेचंच उदाहरण घ्या. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात आपली मालमत्ता विद्यापीठाला दिली ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी. त्यातून १९४२ साली ही संस्था उभी राहिली आणि तेल, रंग, कागद अशा विषयांत नाव कमावून बसली. देणगी एका कामाला बांधलेली होती म्हणून हे झालं, असं मी मानतो.

आता याच्या शेजारी आपल्याकडचे प्रबंध ठेवा. ‘अमुक तालुक्यातील अमुक विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा चिकित्सक अभ्यास.’ पुढच्या वर्षी तालुका बदलतो, प्रश्नावली तीच राहते. शंभर-दोनशे नमुने, टक्केवारी, गोल आलेख, शेवटी शासनाला शिफारशी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार. आठांचे विषय आठ दिशांना गेले की मार्गदर्शक नेमका कशातला जाणकार, हे त्यालाही सांगता येत नाही.

देशाचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे पाच वर्षांचे ५० हजार कोटी ऐकायला मोठे वाटतात, पण त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा आहे. राज्याच्या विद्यापीठापर्यंत त्यातलं काय झिरपणार? डिसेंबर २०२३ मध्ये इथल्याच हिवाळी अधिवेशनात, पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल झाला तेव्हा सगळे चिडले. मीही चिडलो. पण तोंडावर ठेवायला आपल्याकडे ठोस काही असतं तर चिडायची वेळच आली नसती.

विरोधी मतं जरूर मांडा. फक्त ‘ज्ञान हे ज्ञान असतं’ एवढ्यावर थांबू नका.

बोंडअळी_आणि_माणूस
दादा, तुमच्या यादीतला पहिलाच विषय घेते. कापूस. मी कृषी अर्थशास्त्रातली आहे आणि कपाशीवरच काम करते.

बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या वाणाला, आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली. शास्त्रज्ञांना तेव्हाच माहीत होतं की अळी आज ना उद्या या विषाला सरावेल. त्यावर उपायही शास्त्रानेच दिला: बीटीच्या भोवती साध्या कपाशीची पट्टी लावा. त्या साध्या झाडांवर वाढलेले पतंग विषाला न सरावलेले असतात. सरावलेल्या पतंगांचा संकर त्यांच्याशी होत राहिला की प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची वेगळी पुडी दिली जायची.

त्या पुडीचं काय झालं ते विदर्भात कोणालाही विचारा. बांधावर पडली, घरात राहिली, नाही तर फेकली गेली. पाच एकरवाल्याने आपल्याच शेतात मुद्दाम अळी पोसायची पट्टी लावायची, आणि तीही सगळ्या शिवाराच्या भल्यासाठी, शेजारी लावतो की नाही हे माहीत नसताना! कीटकशास्त्राचं गणित बिनचूक होतं. ते एका माणसाच्या नुकसानीवर आणि बाकी सगळ्यांच्या फायद्यावर उभं होतं, आणि असे करार गावात कसे टिकतात हा विषय समाजशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात हाहाकार केला त्याला इतरही कारणं होती. लांब मुदतीचे संकरित वाण होते आणि फरदड होती, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी आणखी वेच्यांसाठी उभी ठेवणं. पण फरदडही माणसांचाच निर्णय आहे. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) काढून शेत मोकळं केलं तर अळीचं खाणं तुटतं, हे कृषी विभाग दर हंगामात सांगतो. तरी फेब्रुवारी-मार्चपर्यंत पीक उभं राहतं. का, हे सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाही.

तेव्हा ‘कापूस’ हा एक विषय निवडलात म्हणजे विषय कमी झाले, असं होत नाही. त्या एका शब्दात किमान सहा विभाग येतात. तुम्ही ज्या प्रबंधांची नक्कल-नक्कल म्हणून तक्रार करता ती मलाही मान्य आहे. पण तो दर्जाचा प्रश्न झाला. विविधतेच्या माथी तो मारू नका.

सावनेरचा_पोट्टा
ताई, फरदडचं बराबर लिवलं तुमी. आमच्या घरी दर साली हाच वाद होते. कृषी सहायक येते, सांगते का पराटी काढा. बाबा म्हणते, विहिरीत पानी हाय, अजून दोन वेचे निंघते, काऊन उपटू? अन् गहू-हरभरा पेराचा तर बियाण्या-खताले पैसा पायजे. त्यात रानडुकरं. हरभऱ्याले रातभर जागल करा लागते, पराटीले डुक्कर तेवढं लागत नाही. हे डुकराचं कारण मी एकाही पत्रकात वाचलं नाही.

अन् दुसरं. उपटलेली पराटी आमी घरामागं रचून ठेवतो, चुलीले. तिच्यातल्या वाळल्या बोंडात अळी रायते, हे मले कालेजात गेल्यावर समजलं. मायले अजूनही पटत नाही.

पन एक सांगतो, कोनत्या विषयाचा मानूस येते यानं आमाले फरक पडत नाही. जे आले ते फॉर्म भरून घेऊन गेले, पुन्हा दिसले नाही. अहवालात काय निंघालं ते कोनी येऊन सांगितलं नाही.

यंत्रशाळा
धरमपेठकरांच्या बाजूने लिहितो, पण कारण वेगळं आहे. मी पदार्थविज्ञान आणि धातुशास्त्राच्या सीमेवर काम करतो. आमच्याकडे विविधतेची किंमत यंत्रांत मोजली जाते.

एका संस्थेत (नाव लिहीत नाही) अनुदानातून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. खरेदीला पैसा होता, पण हमीचा काळ संपल्यावर देखभालीचा करार करायला नव्हता. फिलामेंट गेलं, मग पंपाने त्रास दिला, आणि यंत्र प्लास्टिकच्या आवरणाखाली गेलं. पुढे विद्यार्थी नमुने घेऊन दुसऱ्या शहरात पैसे भरून रांगेत. त्याच काळात त्याच आवारात तीन वेगवेगळ्या विभागांनी तीन छोटी यंत्रं घेतली, कारण तीन प्रकल्प वेगळे, तीन मंजुऱ्या वेगळ्या. तो पैसा एकत्र असता तर एक चांगलं यंत्र, एक कायमचा तंत्रज्ञ आणि दहा वर्षांची देखभाल निघाली असती. तंत्रज्ञाचं पद ही तर सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. यंत्र चालवणारा माणूस कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी बदलणार, आणि आपण जागतिक दर्जाच्या गप्पा मारणार.

आणि नक्कल फक्त सामाजिक शास्त्रांत होते असं समजू नका. आमच्याकडे तालुक्याऐवजी मिश्रधातूतलं प्रमाण बदलतं. तीच चाचणी, प्रयोग आखायचं तेच टागुची कोष्टक, तोच न्यूरल नेटवर्कचा आलेख, आणि ‘इष्टतमीकरण’ नावाचा शोधनिबंध तयार. अभियांत्रिकीत असा कचरा भरपूर आहे. त्यात यंत्राचे तास जातात म्हणून तो जास्त महाग पडतो.

टाकळघाट
मी इतिहासाची. माझा विषय यादीत नाही, तेव्हा बोलणं भाग आहे.

स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरकरांना महाविद्यालयामुळे माहीत आहे. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास इथे आला. त्याने नागपूर परिसरातले खडक आणि जीवाश्म गोळा केले, भूविज्ञानावर लिहिलं. त्याच माणसाने गोंडांच्या चालीरीती टिपल्या, त्यांचा आद्यपुरुष लिंगो याची गाथा लिहून घेतली. ते लेखन तो गेल्यावर १८६६ मध्ये छापलं गेलं. १८६३ च्या सप्टेंबरात नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं (वर्तुळात दगड मांडलेली प्राचीन दफनं) पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. भूविज्ञान, मानववंशशास्त्र, पुरातत्त्व, तिन्ही त्याच्या वहीत शेजारी-शेजारी होते.

पुढे शंभर वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा इथे उत्खनन केलं. लोखंडी अवजारं निघाली, घोड्याचे अवशेष निघाले. आता सांगा, हे कोणाचं संशोधन? हाडं ओळखायला प्राणिशास्त्र लागतं, लोखंड कसं घडवलं ते धातुशास्त्र सांगतं, आणि वर्तुळात पुरलेला माणूस कोण असावा हा प्रश्न विचारायला मी लागते. ‘कोळसा आणि राख’ या यादीत हे बसणार नाही. पण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भात लोखंड घडवणारे लोक होते, हे आपल्याला कळायला नको का? महाराष्ट्राच्या इतिहासात विदर्भ नेहमी मागच्या पानावर असतो. ते पानसुद्धा कोणी तरी खणल्याशिवाय भरत नाही.

धरमपेठकर
हिस्लॉपचं उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. त्या काळात एका माणसाला तीन विषय झेपत, कारण तिन्ही कोवळे होते. आज एकेका विषयात दहा-पंधरा वर्षं मुरल्याशिवाय नवं काही बोलता येत नाही. म्हणूनच म्हणतो, थोडे विषय आणि त्यात माणसं जास्त.

बोंडअळीताईंचा मुद्दा मला विचार करायला लावणारा आहे. कापूस निवडला की त्यात सहा विभाग येतात, हे ठीक. येऊ द्या. पण मग ते सहाही विभाग कापसावरच काम करोत. समाजशास्त्रवाल्यांनी समायोजन सोडावं आणि फरदड घ्यावी.

निवृत्त_पाणीवाला
आयुष्यभर पाणीपुरवठ्यात काम केलं. दोन गोष्टी सांगतो, त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. निष्कर्ष तुम्ही काढा.

पहिली, पाण्यातल्या फ्लोराइडची. नीरीने १९७० च्या दशकात नालगोंडा पद्धत दिली. पाण्यात चुना आणि फिटकरी घालायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. घरच्या बादलीतही जमते. यंत्र नको, वीज नको. तंत्र म्हणून उत्कृष्ट. पण फिटकरी किती घालायची ते पाण्याच्या क्षारतेवर ठरतं, रोज ढवळावं लागतं, तासभर थांबावं लागतं, आणि गाळ कुठे तरी टाकावा लागतो. हे रोजचं काम घरात कोणाच्या वाट्याला येतं? जिच्या डोक्यावर आधीच दोन हंडे आहेत तिच्या. हातपंप जवळ आणि त्याचं पाणी दिसायला स्वच्छ. दात पिवळे पडायला आणि हाडं वाकायला वर्षं लागतात. आम्हा अभियंत्यांच्या टिपणीत ‘लोकसहभाग अपुरा’ असं एक वाक्य असायचं. त्या वाक्याच्या आत एक अख्खा प्रबंध होता आणि तो आमच्यापैकी कोणी लिहिणार नव्हता.

दुसरी गोष्ट २०२१ ची. कोरोनात नीरीने गुळण्यांच्या पाण्यावरून आरटी-पीसीआर करायची पद्धत काढली. नाकात-घशात काडी घालायची गरज नाही. मिठाचं पाणी तोंडात घोळवा, गुळण्या करा, नळीत टाका. पर्यावरणाची संस्था, आणि तिथे विषाणूंवर काम करणारा छोटा गट होता म्हणून हे जमलं. ‘सांडपाणी सोडून बाकी सगळं बंद’ असं कोणी आधी ठरवलं असतं तर तो गट नसता. आणि ज्यांनी तो गट ठेवला त्यांना २०२० मध्ये काय येणार हे ठाऊक नव्हतं.

यंत्रशाळा
काका, दुसऱ्या गोष्टीतून इतकंच निघतं की संस्थेत थोडी मोकळी जागा हवी. सगळीच जागा मोकळी ठेवा असं त्यातून निघत नाही. तो गट चालला कारण भोवती नीरीसारखी मोठी, स्थिर संस्था होती. एकट्या प्राध्यापकाच्या टेबलावर तो विषय असता तर किट मागवण्यातच लाट ओसरली असती.

भामरागड_ते_सीताबर्डी
इथे सगळे संस्थांच्या बाजूने बोलताहेत. मी विद्यार्थी म्हणून विचारतो: ही पाच विषयांची यादी कोण करणार?

मी माडिया आदिवासी आहे. आमच्या घरात माडिया बोलतात. शाळेत गेलो तेव्हा पुस्तक मराठीत, गुरुजी मराठीत. पहिली दोन वर्षं वर्गात काय चाललंय ते कळत नव्हतं. मला याच विषयावर संशोधन करायचं आहे: माडियात शिकायला सुरुवात केलेलं मूल आणि थेट मराठीत टाकलेलं मूल, तिसरीत कुठे असतात. धरमपेठकर सर, तुमच्या यादीत आदिवासी आहेत, पण सिकलसेलपुरते. आमच्या रक्ताची तपासणी होणार, आमच्या भाषेची नाही.

तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण विषय थोडे करायचे ठरलं की जे विषय वगळले जातात ते कोणाचे असतात, ते पाहा. यादी करणाऱ्यांच्या घरचा विषय कधीच गळत नाही. फेलोशिपचंही तसंच. ती मिळाली म्हणून माझ्यासारखा मुलगा सीताबर्डीत खोली घेऊन राहू शकला आणि ग्रंथालयात बसू शकला. ती महिनोन् महिने थकली की मेसवाल्याला तोंड दाखवता येत नाही, हेही लिहून ठेवतो.

धरमपेठकर
तुम्ही जे लिहिलंत ते वाचून यादीचं गणित मला बदलावंसं वाटतं. विषयांची यादी नको, प्रश्नांची करू. ‘मुलं तिसरीत वाचू का शकत नाहीत’ हा प्रश्न त्यात असलाच पाहिजे, आणि तिथे भाषाशास्त्र, शिक्षणशास्त्र, पोषण सगळे या. प्रत्येक प्रबंधाला दोन वेगळ्या विभागांचे मार्गदर्शक सक्तीचे करा. मात्र पैसा एकवटण्याचा माझा आग्रह कायम आहे. यंत्रशाळेतलं झाकून ठेवलेलं यंत्र डोळ्यांपुढून जात नाही.

टाकळघाट
दोन मार्गदर्शक सक्तीचे केले की दोन सह्यांसाठी विद्यार्थी दोन दारांत उभा राहील. ऐच्छिक ठेवा.

नुसतं_गणित
मी संख्यासिद्धांत शिकवतो. कुठल्याही प्रश्नांच्या यादीत मी बसत नाही आणि बसवूनही घेणार नाही. माझ्या संशोधनाला लागतो फळा, विद्यार्थी आणि जर्नल. जर्नलांसाठी आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटींची योजना. माझा विषय बंद करून तुमची काय बचत होणार? एका वातानुकूलित खोलीचं वीजबिलही निघणार नाही. आणि माझ्या हाताखालचा मुलगा उद्या बोंडअळीताईंच्या गटात संख्याशास्त्र करायला गेला तर त्याचा पाया इथेच घातलेला असेल. म्हणून एकवटायचं ते महागड्या यंत्रांपुरतं एकवटा. स्वस्त विषयांना हातसुद्धा लावू नका.

धरमपेठकर
गणिताबद्दल मान्य. पण तालुका बदलून लिहिलेला प्रबंध स्वस्त असला तरी मी त्याला विरोधच करणार. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली, ते चांगलं झालं. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं दुकान त्यावर चालत होतं. आता मौखिक परीक्षेला विदर्भाबाहेरचा कडक परीक्षक बोलवा, आणि ज्या गावातून माहिती घेतली त्या गावात निष्कर्ष वाचून दाखवल्याशिवाय पदवी देऊ नका.

बोंडअळी_आणि_माणूस
हे शेवटचं मी आजच उचलते. सावनेरच्या भाऊ, रानडुकरांचं आणि जागलीचं कारण माझ्या प्रश्नावलीत नव्हतं, ते घातलं. तुमच्या गावात यायचं तर कोणता महिना बरा? तुमच्या आईशीही बोलायचं आहे, पऱ्हाटी चुलीला लागते त्याबद्दल.

सावनेरचा_पोट्टा
डिसेंबरात या ताई, दुसऱ्या वेच्यानंतर. तवा मानूस जरासा मोकळा रायते. सकाळी नका येऊ, संध्याकाळी चावडीवर सारे भेटते. बायांशी बोलाचं असन तर दुपारी शेतातच या, वेचताना बोलते त्या. अन् मागच्या खेपेचा अहवाल असन कोनाजवळ तर तोही घेऊन या.

यंत्रशाळा
ताई, त्या पऱ्हाटीचे थोडे तुकडे आमच्याकडेही पाठवा. तिच्या कोळशाच्या विटांवर एक विद्यार्थी काम करतोय. चुलीला दुसरं काही मिळाल्याशिवाय आई पऱ्हाटी सोडणार नाही, असं दिसतंय.